घट्टपणा वेगळा, घनता वेगळी

पौषात दापोलीला पहाटे खोबरेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. मग ती उन्हात ठेवायची. थोड्या वेळाने कडेचं तेल सुटतं, आणि पांढरा गोळा त्या पातळ तेलात खाली जाऊन बसतो. आता रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात या. मासळीच्या क्रेटमध्ये वितळलेलं पाणी साचलं की उरलेला बर्फ वर येऊन तरंगतो. दोन्ही गोठलेलेच पदार्थ, पण एक आपल्याच द्रवात बुडतो, दुसरा तरंगतो.

गोंधळाचं मूळ बरंचसं शब्दात आहे. 'घनता' म्हटलं की 'घन', म्हणजे टणक, असं मनात येतं. मला तर वाटतं, शाळेत हा शब्द शिकवताना पहिल्याच दिवशी हा खुलासा करायला हवा. घट्टपणा म्हणजे कण आपली जागा सोडतात की नाही. घनता म्हणजे ठरावीक जागेत वस्तुमान किती मावलं. पारा वाहतो, तरी त्याची घनता पाण्याच्या १३.६ पट आहे. लोखंडाची ७.९ पटीच्या आसपास, म्हणून लोखंडी खिळा पाऱ्यावर तरंगतो.

खोबरेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठू लागतं. तेव्हा त्याचे लांबुळके रेणू चळत लावल्यासारखे जवळजवळ बसतात आणि तेल आकसतं. बहुतेक पदार्थ गोठताना असंच करतात. पाणी मात्र उलट वागतं. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर धरून ठेवतो, त्यामुळे षटकोनी, पोकळ जाळी तयार होते. रेणू जखडले, पण मध्ये रिकामी जागा वाढली. बर्फाची घनता ०.९१७, पाण्याची १. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये फुटते ती यामुळेच. पाण्याची घनता सर्वांत जास्त असते ती ४ अंशांना, तेव्हा ते द्रवच असतं.

आणि तोच खोबरेलाचा गोळा पाण्यात टाकून पाहा, तरंगेल. घट्ट झालं तरी तेल पाण्यापेक्षा हलकंच राहिलं.

दाटपणाचंही तसंच. तेल पाण्यापेक्षा संथ ओघळतं, तरी कालवणावर तवंग होऊन वरच राहतं. काकवी मात्र दाटही आहे आणि पाण्यापेक्षा जडही. एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

गोठण्या-वितळण्यात घनतेचा फरक तसा थोडाच पडतो, पाण्यात नऊ टक्क्यांच्या आसपास. खरी झेप वायू होताना. मोदकपात्रातलं १ लिटर पाणी पूर्ण आटलं, तर त्याची १०० अंशांची सुमारे १,६७० लिटर वाफ होते.

याच वाफेमुळे आणखी एक समज होतो. वैशाखात किनाऱ्यावरची दमट हवा आपल्याला जड वाटते. पण तापमान आणि दाब सारखे असतील, तर ती कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, कारण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका आहे आणि तो त्यांची जागा घेतो. जड वाटतं ते घाम वाळत नाही म्हणून.