लार्सन यांचं व्यस्त विश्व आणि एका क्वेसारचा हिशेब

‘आइन्स्टाईनला खोटं पाडणारा, पण जगाने दडपलेला सिद्धांत’ अशा मथळ्याचे फॉरवर्ड अधूनमधून येतच असतात. बहुतेक न वाचता पुसून टाकावेत असे. पण त्यात ड्यूई लार्सन हे नाव दिसलं तर जरा थांबायला हरकत नाही. लार्सन (१८९८–१९९०) हे अमेरिकेत ऑरेगनमधल्या पोर्टलंडचे इंजिनियर. रासायनिक संयुगांचे गुणधर्म केवळ गणिताने काढता येतील का, या प्रश्नाच्या मागे ते लागले आणि त्यातून पार विश्वाच्या रचनेपर्यंत पोचले. १९५९ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. त्याचं सगळं सार एका वाक्यात येतं: विश्वात गतीखेरीज काहीच नाही, आणि अवकाश व काळ या त्या गतीच्याच दोन, परस्परांना व्यस्त (म्हणजे उलट्या अपूर्णांकासारख्या) असलेल्या बाजू आहेत.

वेग म्हणजे अंतर भागिले काळ, हे शाळेत शिकलेलं असतं. मॅरेथॉन धावणारे मात्र वेग सांगत नाहीत. ते ‘किलोमीटरला सहा मिनिटं’ असं सांगतात, म्हणजे काळ भागिले अंतर. माहिती तीच, अपूर्णांक तेवढा उलटा. अंतर दुप्पट करा किंवा काळ निम्मा करा, वेगावर परिणाम एकच. लार्सन म्हणतात की ही नुसती अंकगणिताची सोय नाही, निसर्गच असा घडलेला आहे. अवकाशाला तीन मिती आहेत, तर काळालाही तीन असल्या पाहिजेत. गती सुट्या एककांतच असते. आणि निसर्गाचा मूळ बिंदू शून्य वेग हा नसून एक एकक वेग, म्हणजेच प्रकाशाचा वेग, हा आहे. त्यांच्या मते प्रकाश धावतच नाही. अवकाश-काळाच्या सार्वत्रिक पुढे सरकण्याबरोबर तो वाहून नेला जातो. दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) एकमेकींपासून दूर जातात तेही त्याच ओघात, आणि गुरुत्वाकर्षण म्हणजे या ओघाच्या उलट, आतल्या दिशेची गती. कल्पना म्हणून मला हे फार देखणं वाटतं.

(काळाच्या तीन मिती म्हणजे भूत, वर्तमान, भविष्य नव्हेत. ‘आपले त्रिकालज्ञ ऋषी हेच सांगत होते’ अशी पुस्ती जोडणाऱ्यांनी लार्सनही वाचलेले नसतात आणि ऋषीही.)

आता त्यांच्या अनुयायांचा हुकमी एक्का पाहू. सगळं गतीच असेल तर प्रत्येक भौतिक राशी अंतर आणि काळ या दोनच अक्षरांत लिहिता यायला हवी. लार्सन तशी लिहितात. ऊर्जा म्हणजे काळ/अंतर. वस्तुमान म्हणजे काळाचा घन/अंतराचा घन. या वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने, म्हणजे अंतराचा वर्ग/काळाचा वर्ग याने गुणा. उरतं काळ/अंतर, म्हणजे ऊर्जा. आइन्स्टाईनचं प्रसिद्ध समीकरण (E = mc²) दोन ओळींत हजर! पहिल्यांदा पाहणारा चाट पडतो.

पण जरा उलटतपासणी करा. वस्तुमान म्हणजे काळाचा घन/अंतराचा घन, हे ठरवलं कोणी? समजा मी मनानेच ठरवलं की वस्तुमान म्हणजे साधं काळ/अंतर. त्याला वेगाच्या वर्गाने गुणल्यावर अंतर/काळ येतं. तीच माझी ऊर्जा म्हणायची, की समीकरण तितकंच चोख जुळलं. ऊर्जा ही वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच जातीची राशी आहे, हे गतिज ऊर्जेच्या सूत्रात आइन्स्टाईनच्या कितीतरी आधीपासून होतं. त्या सूत्रात एकद्वितीयांश आहे, आइन्स्टाईनच्या सूत्रात नाही. सगळं भौतिकशास्त्र त्या फरकात आहे, आणि मितींच्या, म्हणजे कोणती राशी कोणत्या एककांची याच्या, हिशेबाला तोच फरक दिसत नाही. म्हणून मिती जुळल्या याचा अर्थ एवढाच की बेरीज करताना आपण लिटरमध्ये किलो मिसळले नाहीत.

आकड्यांकडे वळलं की लार्सन अधिक गंभीरपणे घ्यावे लागतात. गती सुट्या एककांत असेल तर ते एकक केवढं? त्यांनी हायड्रोजनच्या वर्णपटातून मिळणारी रिडबर्ग वारंवारता घेतली, सेकंदाला सुमारे ३.२९ × १०^१५ आवर्तनं. अर्धं आवर्तन हे एक एकक मानून ती दुप्पट केली आणि उलटी केली. काळाचं एकक आलं १.५२ × १०^−१६ सेकंद. त्याला प्रकाशवेगाने गुणल्यावर अंतराचं एकक आलं सुमारे ४५.६ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). इथे अडचण उभी राहते, कारण घन पदार्थातले अणू एकमेकांपासून नॅनोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर असतात. मग अंतराचं सर्वांत लहान एकक त्यांच्याहून दीडशेपट मोठं कसं? लार्सन यांचं उत्तर असं: एककाहून कमी अवकाश नसतोच, पण त्याच्या जागी काळ वाढू शकतो, आणि वाढलेला काळ आपल्याला व्यस्त प्रमाणात आकसलेल्या अंतरासारखा दिसतो. हे रूपांतर करायला त्यांनी एक गुणोत्तर काढलं. परिभ्रमणाच्या शक्य दिशा ४ × ४ × ८ = १२८, त्यात कंपनांपोटी दोन-नवमांशाची भर, मिळून १५६.४४. याने ४५.६ ला भागलं की ०.२९१ नॅनोमीटर येतात. सोन्यातल्या शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.२८८ आहे, मिठातल्या सोडियम-क्लोरीनमधलं ०.२८२. लोखंडात मात्र ते ०.२४८ आणि सोडियम धातूत ०.३७२. हा फरक भरून काढायला प्रत्येक मूलद्रव्याला परिभ्रमणाचे वेगवेगळे अंक द्यावे लागतात. तिथे माझा विश्वास डळमळतो: हव्या तशा फिरवायला इतक्या कळा (बटणं) हाताशी असल्या तर बरंच काही जुळवता येतं. अणूला केंद्रकच नाही हा त्यांचा दुसरा दावा तर रुग्णालयांतलं एमआरआय यंत्रही मान्य करणार नाही. ते चालतं हायड्रोजनच्या केंद्रकांवरच.

ज्यात कळा फिरवता येत नाहीत असं एक सूत्रही त्यांनी दिलं, आणि याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. क्वेसार म्हणजे दुर्बिणीतून ताऱ्यासारखा ठिपका दिसणारी, पण अतिशय तेजस्वी वस्तू. १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारची ताम्रसृती ओळखली, तेव्हापासून क्वेसार हे कोडंच होतं. ताम्रसृती म्हणजे वर्णरेषांचं लाल टोकाकडे सरकणं. सामान्यतः ती जितकी मोठी तितकी वस्तू दूर. क्वेसारांना हा नियम लागू नसावा अशी शंका चांगल्या चांगल्यांना होती. आपल्या जयंत नारळीकरांनी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प यांच्यासह १९९३ मध्ये वेगळं स्पष्टीकरण शोधनिबंधातून मांडलं होतं. लार्सन यांचं म्हणणं असं की क्वेसारची ताम्रसृती दोन भागांची: नेहमीची ताम्रसृती, अधिक तिच्या वर्गमूळाची साडेतीनपट. म्हणजे क्वेसार दिसतात त्यापेक्षा पुष्कळ जवळ.

१९७९ मध्ये क्यू ०९५७+५६१ हा जुळा क्वेसार सापडला. आकाशात सहा आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतराने दोन ठिपके, दोघांचे वर्णपट सारखे, दोघांची ताम्रसृती १.४१. प्रत्यक्षात क्वेसार एकच आहे. वाटेतली एक दीर्घिका आपल्या गुरुत्वाकर्षणाने त्याचा प्रकाश वाकवते, म्हणजे गुरुत्वीय भिंग बनते, आणि त्याच्या दोन प्रतिमा दाखवते. त्या दीर्घिकेची ताम्रसृती ०.३६. आता लार्सन यांच्या सूत्रात १.४१ घाला. वर्गसमीकरण सोडवलं की वर्गमूळ ०.३६५ येतं आणि नेहमीची ताम्रसृती ०.१३३. पडताळा घ्या: ०.१३३ अधिक ३.५ × ०.३६५ म्हणजे १.४१. हे भिंगाच्या ०.३६ हून कमी आहे, तेव्हा लार्सन यांच्या हिशेबाने हा क्वेसार भिंगाच्या अलीकडे, आपल्या बाजूला पडतो. भिंगाच्या अलीकडच्या वस्तूचा प्रकाश त्या भिंगातून जातच नाही, मग दोन प्रतिमा होणार कशा?

दोन ठिपके म्हणजे योगायोगाने जवळ दिसणारे दोन वेगळे क्वेसार, अशी पळवाटही राहिलेली नाही. क्वेसारची तेजस्विता कमीजास्त होत असते. एका प्रतिमेत झालेला चढउतार ४१७ दिवसांनी दुसरीत जसाच्या तसा उमटतो, कारण दोन्ही प्रतिमांचा प्रकाश भिंगाच्या पलीकडच्या एकाच क्वेसारमधून निघतो, आणि दुसरीच्या वाटेला जास्त वेळ लागतो.