दरोडेखोर माशीचं आडनाव सापडतं, नाव अडतं

पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवा एक फोटो आला. वाळक्या काडीवर बसलेली लांबट, केसाळ माशी, पायांत पकडलेली मधमाशी. खाली मजकूर : ‘अतिविषारी माशी, मुलांना सांभाळा!’ पाठोपाठ कुणीतरी ॲपला विचारून नावही आणलं, ‘प्रोमॅकस रुफिपेस’. ही जात अमेरिकेच्या पूर्व भागातली. आमच्या गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) काडीवर ती कशी येऊन बसली, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही.

आधी विषाचं बघू. ही रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी. उडत्या किड्याला हवेतच धरते, टोकदार सोंडेनं भोसकते आणि लाळ आत सोडते. त्या लाळेनं भक्ष्य लुळं पडतं, आतून विरघळतं, मग ती ते शोषून घेते. माणसाच्या वाटेला ती जात नाही. मुठीत दाबलीत तर टोचेल, पण मग तक्रार कसली?

या कुळात ७,००० हून जास्त जाती आहेत. कूळ ओळखणं सोपं : दोन मोठ्या डोळ्यांमध्ये डोक्यावर खोलगट खाच, आणि तोंडावर राठ केसांची झुपकेदार मिशी. त्यापुढे मात्र रंगावर भिस्त ठेवू नये. माझा भरवसा पंखांवर.

पंखातल्या शिरांमध्ये जे पारदर्शक तुकडे दिसतात त्यांना इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात. ही शरीरातली पेशी नव्हे, म्हणून मी ‘खण’ म्हणतो. आता पंखाची पुढची कड म्हणजे भीमा नदी समजा. तिच्या दिशेनं जाणाऱ्या दोन शिरा आपल्या कामाच्या : आर१, आणि तिच्या मागची आर२+३. काही माश्यांत या दोघी कडेला पोचण्याआधीच एकमेकींना मिळतात. मुळा-मुठा संगमावर भेटून पुढे एकत्र भीमेला जातात, तशा. मग मधला खण बंद होतो. काहींत मात्र आर२+३ तुळापूरच्या इंद्रायणीसारखी स्वतंत्रपणे कडेला मिळते आणि खण उघडा राहतो. एवढ्या एका गोष्टीवरून कुळातली बरीच उपकुळं बाजूला काढता येतात.

त्याच्या मागे आर४+५ ही शीर दुभंगते : आर४ आणि आर५. आर२+३ पासून आर५ पर्यंत सहसा दोन खण होतात. प्रोमॅकस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आर२+३ आणि आर४ यांना जोडणारी एक जादा आडवी शीर असते, त्यामुळे दोनाचे तीन होतात. (इथवर गोंधळला असाल तर कागदावर नद्या काढा. मीही तसंच शिकलो.) ओमॅटियस या दुसऱ्या प्रजातीला हे मोजायचीही गरज नाही. तिच्या शृंगिकेच्या (डोक्यावरच्या मिशीसारख्या स्पर्शकाच्या, म्हणजे अँटेनाच्या) टोकाला पिसासारखे केस असतात, फक्त फोटो समोरून आणि जवळून हवा.

म्हणजे प्रजाती, मी जिला आडनाव म्हणतो, ती चांगल्या फोटोत बरेचदा कळते. जात म्हणजे नाव. तिथे गाडी अडते, कारण जवळच्या जाती वेगळ्या करायला बहुतेक वेळा नराच्या पोटाच्या टोकाशी असलेले जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ॲप तिथेही टक्केवारीसकट नाव सांगतं. त्याला फक्त चित्र जुळवायचं असतं, खण मोजायचे नसतात.

फोटो काढणार असाल तर एक वरून, एक बाजूनं आणि एक तोंडासमोरून काढा. बाजूच्या फोटोत पोटाचं टोक स्पष्ट येऊ द्या. घाई नको : उडाली तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परत येते.

ग्रुपवरचा तो फोटो मी मोठा करून पाहिला. एक पंख दुसऱ्याखाली झाकलेला, पण वरच्यात तीन खण नीट मोजता आले. पोट टोकाला निमुळतं होत गेलेलं, म्हणजे मादी. वहीत लिहिलं : प्रोमॅकस, मादी, वेताळ टेकडी. जातीचा रकाना कोरा ठेवला.