छातीवर बसतं कोण?

भाचा पुण्यात होस्टेलवर असतो. परीक्षेच्या दिवसांत चार वेळा त्याला पहाटे जाग आली. डोळे उघडे, वर पंखा फिरताना दिसतोय, पण बोटही हलेना. छातीवर कुणीतरी बसलंय, दाराशी कुणीतरी उभं आहे. रूममेटनं निदान केलं, मुंज्या! आवारात पिंपळ आहेच, म्हणजे पुरावाही आयता. ताईनं उशाखाली चाकू ठेवायला लावला.

मला मात्र हा स्लीप पॅरालिसिस, म्हणजे जाग येऊनही शरीर न हलणं, वाटला आणि मांजरं आठवली. स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे बुबुळं पापणीआड भिरभिरतात त्या आरईएम झोपेत, मांजराचे स्नायू पार ढिले पडतात, हे १९५९ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिशेल झुव्हे यांनी दाखवलं. मेंदूच्या देठातला, पॉन्सचा एक भाग निकामी केल्यावर तीच मांजरं झोपेतच उठून, समोर नसलेल्या उंदरावर झडप घालू लागली!

आपल्याही स्नायूंना स्वप्नांच्या झोपेत असंच कुलूप लागतं. ते कसं? पॉन्सकडून निरोप त्याच्या खालच्या मस्तिष्कपुच्छात, म्हणजे देठाच्या शेवटच्या भागात जातो. तिथल्या चेतापेशी मेरुरज्जूतल्या प्रेरक, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशींवर ग्लायसिन आणि गॅबा ही त्यांना गप्प करणारी रसायनं सोडतात. क्लोराइडचे आयन आत शिरतात, पेशीतला विद्युतभार आणखी उणे होतो. मग वरून ‘हल’ असा कितीही हुकूम येवो, पेशी पेटतच नाही. सूट फक्त डोळ्यांच्या स्नायूंना आणि श्वासपटलाला. बरगड्यांमधले स्नायूही ढिले, त्यामुळे घाबरून खोल श्वास घ्यायला जावं तर छाती साथ देत नाही. मुंज्याचं वजन ते हेच. जाग आली, पण कुलूप उघडायचं राहिलं आणि स्वप्नही पुरतं विरलं नाही, की दाराशी माणूस दिसतो.

शंभरातल्या सुमारे आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. वारंवार येत असेल तर आधी जागरणं आणि झोपेच्या बदलत्या वेळा आवरा. झटका आला की झुंजू नका; बुबुळं फिरवा, एकच बोट हलवून बघा. थोड्या वेळात आपोआप सुटतं. दिवसा अनावर झोप येत असेल, हसताना गुडघे लुळे पडत असतील किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर मांत्रिक नको, डॉक्टर गाठा.

उताणं झोपल्यावर हे जास्त होतं. म्हणून भाचा आता टी-शर्टच्या पाठीला खिसा लावून त्यात टेनिसचा चेंडू घालून झोपतो. खिसा ताईनंच शिवून दिला. चाकू मात्र काढू देत नाही.