आठ जाती, तीन प्रयोग: मराठी व्याकरणाचा साचा कुठून आला

मराठी शाळेत गेलेल्या कोणालाही अर्ध्या झोपेतून उठवून द्वितीयेचे प्रत्यय विचारले, तर तो ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ एका दमात म्हणून दाखवील. पुढचाच प्रश्न चतुर्थीचा विचारा. उत्तर तेच: ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’. दोन्ही विभक्त्यांचे प्रत्यय हुबेहूब सारखे असतील तर त्या दोन कशाला मोजायच्या, ही शंका वर्गात दर वर्षी एखाद्या पोराला येते आणि बहुतेक वेळा ‘तसंच आहे ते, पाठ कर’ म्हणून मिटवली जाते. खरे उत्तर सोपे आहे. संस्कृतात त्या दोन वेगळ्या आहेत, म्हणून मराठीतही दोन. ‘रामाला मारले’ मधला ‘ला’ कर्माचा म्हणून द्वितीया आणि ‘रामाला लाडू दिला’ मधला ‘ला’ संप्रदानाचा, म्हणजे ज्याला दिले त्याचा, म्हणून चतुर्थी. रूप एकच असले तरी खाती दोन.

शाळेतले आपले व्याकरण असे दोन घरांतून सामान आणून उभे केलेले आहे. शब्दांच्या जाती इंग्रजीच्या वाटेने आल्या. विभक्ती, कारके आणि प्रयोग संस्कृतातून आले. विद्यार्थी जिथे हमखास अडखळतात, तिथे बहुधा या दोन घरांचा सांधा असतो.

जातींपासून सुरुवात करू. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. नावे अस्सल संस्कृत वळणाची असल्याने ही आठांची यादी पाणिनीकडून आली असावी असे वाटते. तसे नाही. पाणिनीचे काम दोनांत भागते. ‘सुप्तिङन्तं पदम्’, म्हणजे ज्याला नामाचे प्रत्यय लागतात ते आणि ज्याला क्रियापदाचे लागतात ते. अव्ययांचे प्रत्यय लोप पावले असे मानून तीही पहिल्याच गटात बसवली जातात. त्याच्या आधीचा मानला जाणारा यास्क निरुक्तात चार सांगतो: ‘चत्वारि पदजातानि नामाख्याते चोपसर्गनिपाताश्च’. नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. विशेषणाला यांच्यापैकी कोणीच वेगळे घर दिले नाही, कारण संस्कृतात विशेषण नामासारखेच चालते.

आठ हा आकडा ग्रीकांचा. इसवी सनापूर्वी सुमारे शंभर वर्षे, अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्याशा व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग दिले आहेत: नाम, क्रियापद, धातुसाधित (‘केलेला’सारखी धातूपासून बनलेली रूपे), उपपद (इंग्रजी ‘द’सारखे), सर्वनाम, पूर्वसर्ग, क्रियाविशेषण आणि उभयान्वयी. लॅटिनमध्ये उपपद नव्हते. तिथल्या वैयाकरणांनी ते काढले, पण आकडा काही सोडवेना. मग उद्गारवाचकाला स्वतंत्र वर्ग करून पुन्हा आठ भरले. त्यानंतर विशेषण नामातून वेगळे निघाले आणि धातुसाधिताला यादीतून निरोप मिळाला. जोसेफ प्रीस्टलीच्या १७६१ सालच्या इंग्रजी व्याकरणात आज आपल्याला ओळखीची वाटणारी आठांची यादी आहे. १७९५ मध्ये आलेले लिंडले मरे याचे व्याकरण पुढे कित्येक दशके, जिथे जिथे इंग्रजी शिकवली जाई तिथे तिथे चालले. त्यात इंग्रजीचे ‘ए’, ‘द’ वेगळे धरून नऊ जाती होत्या. मराठीला उपपद नाही. ते वजा केले की हाती आठच उरतात.

हे मराठीपर्यंत पोचले कसे, त्याची वाट वळणावळणाची आहे. मराठीचे व्याकरण सांगण्याचा सर्वांत जुना प्रयत्न महानुभावांचा. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे पंथातल्या सूत्रांचा अर्थ नीट लागावा या गरजेतून आलेले, म्हणजे घरच्या माणसांनी घरच्या कामासाठी लिहिलेले व्याकरण. त्याचा धागा पुढे पंथाबाहेर गेला नाही. नंतरची व्याकरणे परक्यांची. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने, म्हणजे ज्याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत प्रसिद्ध आहे त्यानेच, कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापले गेले. मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ मध्ये थेट रोमला छापले गेले. विल्यम केरीने १८०५ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरहून इंग्रजीत मराठीचे व्याकरण काढले आणि त्याला साहाय्य होते वैजनाथ पंडितांचे. या सगळ्या पुस्तकांचा वाचक मराठी माणूस नव्हता. पाद्री, कारकून, लष्करी अधिकारी यांना लोकांची भाषा शिकायची होती आणि ती त्यांना ठाऊक असलेल्या खणांत घालून हवी होती.

मराठी मुलाला मराठी व्याकरण शिकवायचे, ही कल्पना त्यामानाने अगदी अलीकडची. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात सरकारी शाळा निघाल्या आणि शाळेला पुस्तक लागते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ निघाले तेव्हा दादोबा जेमतेम बावीस वर्षांचे होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘बालव्याकरण’ही त्याच सुमाराचे. दादोबांनी पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत पुष्कळ भर घातली, १८६५ मध्ये लहान मुलांसाठी ‘मराठी लघु व्याकरण’ लिहिले आणि लोक त्यांना ‘मराठी भाषेचा पाणिनी’ म्हणू लागले. पदवी गौरवाची खरी, पण जरा दिशाभूल करणारी. पुस्तकाची मांडणी पाणिनीची नव्हती. ती इंग्रजी शालेय व्याकरणाच्या वळणावर होती. विशीतल्या, इंग्रजी शिकलेल्या शिक्षकाने दुसरे काय करायचे होते? त्यांच्या समोर मराठीचा तयार नमुनाच नव्हता.

आता हा अंगरखा मराठीच्या अंगावर कसा बसतो ते पाहू. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’. इथे चांगला-चांगली हा शब्द गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. पण क्रियाविशेषण ‘अव्यय’ म्हणावे, तर अव्यय बदलत नसते आणि हा शब्द कर्त्याच्या लिंगाप्रमाणे सरळ बदलतो आहे. ‘छान गातो, छान गाते’ म्हटले तर प्रश्नच येत नाही. म्हणून पुस्तके क्रियाविशेषण आणि क्रियाविशेषण अव्यय असा भेद करतात. परीक्षेत चार पर्यायांपुढे बसलेल्या मुलाला तो भेद आठवतोच असे नाही.

शब्दयोगीची गोष्ट याहून मजेची. इंग्रजीतला पूर्वसर्ग नामाच्या आधी सुटा उभा राहतो. मराठीत त्याच कामाचे शब्द नामाच्या मागे येतात, त्याला चिकटतात आणि चिकटण्याआधी नामाचे सामान्यरूप करायला लावतात: घोडा, पण घोड्यावर. ‘शब्दयोगी’ हे नाव म्हणूनच झकास आहे, जोडून येण्याचा गुण त्याने बरोबर पकडला. पण मग ‘घोड्याला’ आणि ‘घोड्यावर’ यांत फरक काय? दोन्हीकडे तेच सामान्यरूप, दोन्हीकडे काहीतरी मागून जोडलेले. ‘घरात’ मधला ‘त’ सप्तमीचा प्रत्यय आणि ‘घरावर’ मधला ‘वर’ शब्दयोगी अव्यय, हे आपण निमूट पाठ करतो. ‘वर’ एकटाही वापरता येतो, ‘त’ येत नाही, हे खरे. पण दोघांच्या मध्ये दोन वेगळ्या प्रकरणांएवढी भिंत उभी राहिली, ती विभक्त्यांचा तक्ता संस्कृतचा आणि अव्ययांचा इंग्रजीचा असल्यामुळे. शिवाय ‘रामच’, ‘रामसुद्धा’, ‘रामही’ यांतले च, सुद्धा, ही सामान्यरूप मागत नाहीत, तरी त्यांनाही ‘शुद्ध शब्दयोगी’ म्हणून याच पंगतीत बसवले आहे. ते नक्की कोणाच्या नात्यातले, हे कोणी विचारू नये.

मला सर्वांत हळहळ वाटते ती धातुसाधितांची. थ्रॅक्सच्या आठांत त्यांना स्वतंत्र जागा होती. इंग्रजीपर्यंत येता येता ती गेली, आणि मराठीला नेमकी तीच सर्वांत उपयोगी पडली असती. ‘करून, करताना, करणारा, केलेला, करायला, करण्यासाठी’ यांच्यावाचून मराठीत चार वाक्ये बोलून दाखवावीत! आपल्या व्याकरणात ती कधी विशेषणाच्या, कधी नामाच्या, कधी क्रियाविशेषणाच्या घरी पाहुणी म्हणून राहतात.

शब्दांकडून वाक्याकडे वळले की इंग्रजीची पकड सैल होते. उद्देश्य-विधेय, केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्ये, ते सगळे वाक्यपृथक्करण इंग्रजी शाळेतूनच आले. पण मराठी व्याकरणाचा जीव आहे प्रयोगांत, आणि इथे संस्कृताने मराठीला उपकारक असे काही दिले. ‘राम आंबा खातो, सीता आंबा खाते’: क्रियापद कर्त्यामागे चालते, कर्तरी. ‘रामाने आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, केळे खाल्ले’: क्रियापद कर्माच्या मागे जाते, कर्मणी. ‘रामाने रावणाला मारले, शूर्पणखेला मारले’: कोणाच्याच मागे नाही, भावे. इंग्रजी साच्यातून पाहणाऱ्याला ‘रामाने आंबा खाल्ला’ हे साधे कर्तरीच वाटेल, कारण अर्थ तसा आहे. संस्कृत जाणणाऱ्याला त्यात ‘रामेण आम्रः खादितः’ स्पष्ट ऐकू येते. मराठीचा भूतकाळ त्या जुन्या भूतकालवाचक धातुसाधितावरच उभा आहे. म्हणून खाल्ला-खाल्ली-खाल्ले ही रूपे विशेषणासारखी लिंग बदलतात. इंग्रजी वळणाचा कर्मणी हवा असेल तर ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’ असे म्हणावे लागते. पुस्तकांनी त्यालाही ‘नवीन कर्मणी’ म्हणून जागा दिली आहे. बोलताना असे कोणी म्हणत नाही. सरकारी परिपत्रकात मात्र ते सुखाने नांदते.

एकोणिसाव्या शतकात खरे भांडण झाले ते इथेच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘शालापत्रका’तल्या लेखांतून दादोबांच्या मतांची कसून झडती घेतली, ते निबंध पुढे त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आले. रा. भि. जोशींचे ‘प्रौढबोध मराठी व्याकरण’ १८८९ चे. मग १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’. दामले हे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. त्यांनी आधीच्या प्रत्येकाचे मत समोर ठेवून, खोडून किंवा मान्य करून, मगच आपले मांडले. ग्रंथ एवढा जाडजूड झाला की पुढच्या पिढ्यांनी तो वाचण्याऐवजी त्याचा सारांश वाचला. मो. रा. वाळंबे यांचे स्पर्धापरीक्षांच्या टेबलावर आजही दिसणारे पुस्तक पुष्कळ अंशी त्याच वाटेवरचे. १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी ‘मराठी व्याकरणाचा पुनर्विचार’ मांडला, १९८७ मध्ये कृ. श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण: वाद आणि प्रवाद’ लिहून उसन्या सामानाची मोजदाद केली. विद्वानांत चर्चा झाली. क्रमिक पुस्तके आठांवरून हलली नाहीत.

कर्ता शोधण्याची शाळेतली युक्ती सगळ्यांना आठवत असेल: धातूला ‘णारा’ जोडून ‘कोण’ विचारायचे. ‘राम आंबा खातो’, खाणारा कोण? राम. छान. आता ‘मला चहा आवडतो’. आवडणारा कोण? चहा. म्हणजे कर्ता चहा, आणि ज्याला आवडतो तो ‘मला’ चतुर्थीत. ‘तिला थंडी वाजते’ मध्ये वाजणारी थंडी. पण ‘रामाने आंबा खाल्ला’ मध्ये क्रियापद आंब्यामागे गेले तरी कर्ता रामच. म्हणजे ‘कर्ता’ हा एकच शब्द कधी करणारा माणूस दाखवतो आणि कधी क्रियापदाला ताब्यात ठेवणारा शब्द. पाणिनीने ‘स्वतन्त्रः कर्ता’ एवढेच म्हणून क्रियापदाचा ताबा हा हिशेब वेगळा ठेवला होता. इंग्रजीच्या ‘सब्जेक्ट’मध्ये दोन्ही एकत्र असतात. आपण दोन्ही खिशांत हात घातला.

शेवटची एक खूण फार बारीक आहे. ‘मी आंबा खातो’ मधला ‘मी’ प्रथमेचा. ‘मी आंबा खाल्ला’ मधला ‘मी’ तृतीयेचा, ‘रामाने’च्या जागी बसलेला. जुन्या मराठीत तो ऐकूही येई: ज्ञानेश्वरीत ‘मियां’, नंतरच्या गद्यात ‘म्यां’. छापील मराठीत तो पुढे ‘मीं’ झाला, डोक्यावर अनुस्वार घेऊन, जसा ‘रामानें’वरही असे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्यांची सोय झाली यात शंका नाही; आज कोणाला ‘रामानें आंबे खाल्ले’ असे टिंब मोजत लिहायचे आहे? पण तेव्हापासून दोन्ही ‘मी’ कागदावर सारखेच दिसतात, आणि सातवीतली मुलगी ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यापुढे ‘कर्तरी’ लिहून येते.