सॅनमधली परवानगी: झोनशो आणि सीएफजीशो कुठून आल्या

सर्व्हरवाले म्हणतात लन, म्हणजे स्टोरेजने वाटून दिलेली डिस्क, दिसत नाही. स्टोरेजवाले म्हणतात, मॅप करून दिलाय, तुमच्याकडे रिस्कॅन करा. स्विच सांभाळणारा म्हणतो, झोन (कोणाला कोणाशी बोलू द्यायचे याची स्विचमधली यादी) तर कधीचा लावलाय. तिघेही खरे बोलत असतात आणि लन तरीही दिसत नाही. कुठला सर्व्हर कुठल्या डिस्कपर्यंत पोचू शकतो, याचे उत्तर सॅनमध्ये, म्हणजे सर्व्हर आणि सामायिक स्टोरेज जोडणाऱ्या जाळ्यात, एका जागी लिहिलेलेच नसते. अर्धे उत्तर स्विचमध्ये असते, अर्धे स्टोरेज अ‍ॅरेमध्ये, आणि प्रत्येक अर्धे बघायची कमांड वेगळी. झोनशो आणि सीएफजीशो या ब्रोकेड कंपनीच्या स्विचवरच्या. हे असे का झाले, ते कळायला थोडे मागे जावे लागते.

पॅरलल स्कझीच्या काळात, म्हणजे डिस्क केबलने थेट सर्व्हरला जोडत तेव्हा, परवानगी हा प्रश्नच नव्हता. केबल ज्या सर्व्हरला लावली, डिस्क त्याची. एका बसवर पत्ते ८, वाइड बसवर १६, आणि त्यातला एक खुद्द कंट्रोलरचा. ऑपरेटिंग सिस्टिमने गृहीतच धरले होते की समोर दिसणारी प्रत्येक डिस्क आपल्या मालकीची आहे.

सर्व्हर आणि स्टोरेज जाळ्याने जोडणाऱ्या फायबर चॅनल या तंत्राने हे गृहीतक मोडले, पण ऑपरेटिंग सिस्टिमला कुणी सांगितलेच नाही. या तंत्राचे काम १९८८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन्सी या प्रमाणसंस्थेच्या समितीत सुरू झाले आणि पहिले प्रमाण १९९४ मध्ये मंजूर झाले. स्कझीचे तेच आदेश आता गिगाबिट वेगाने, लांबवर आणि मुख्य म्हणजे अनेक सर्व्हरना सामायिक असलेल्या जाळ्यातून धावू लागले. सुरुवातीच्या आर्बिट्रेटेड लूपमध्ये १२६ यंत्रे एकाच कड्यात बसत. एक सर्व्हर रीबूट झाला की सगळा लूप नव्याने जुळायचा, आणि मध्येच चाललेला टेपवरचा बॅकअप फुटायचा. त्याहून धोकादायक प्रकार विंडोज एनटीचा. त्यातले डिस्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उघडले की नव्या दिसणाऱ्या डिस्कवर सही लिहू का, असे ते विचारे. ती डिस्क शेजारच्या युनिक्स मशीनची असली तरी. हो म्हणणारा माणूस भेटायला वेळ लागत नसे.

म्हणजे सॅन जन्मली ती मोकळीच. कुंपण नंतर घातले, आणि घातले ते दोन वेगवेगळ्या लोकांनी, दोन बाजूंनी.

पहिले कुंपण स्विचवाल्यांचे, झोनिंग. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ब्रोकेडने १९९७ मध्ये सिल्कवर्म हा स्विच बाजारात आणला. तिच्या संस्थापकांपैकी कुमार मळवळ्ळी हे भारतात शिकलेले अभियंते. फायबर चॅनलची प्रमाणे घडवण्यात त्यांचा मोठा हात होता. झोनिंगमागची कल्पना साधी होती. सर्व्हरचे कार्ड फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचच्या जाळ्यात, आले की ते स्विचमधल्या नेम सर्व्हरला विचारते, इथे कोणकोण आहे? नेम सर्व्हरने त्याच्या झोनमधल्यांचीच नावे सांगायची. पण हे निव्वळ न सांगणे झाले. ज्याला पत्ता आधीपासून ठाऊक होता, तो थेट फ्रेम, म्हणजे डेटाचे पाकीट, पाठवू शकत असे. याला सॉफ्ट झोनिंग म्हणत. पुढे स्विचची चिपच प्रत्येक फ्रेम तपासून नको ती टाकून द्यायला लागली, तेव्हा ते हार्ड झोनिंग. अनेक जण आजही पोर्टवर केलेले ते हार्ड आणि डब्ल्यूडब्ल्यूएनवर (कार्डाच्या ओळख-आकड्यावर) केलेले ते सॉफ्ट असे समजतात. जुन्या एक गिगाबिटच्या सिल्कवर्मवर साधारण तसेच होते, त्यामुळे समज अगदीच निराधार नाही. दोन गिगाबिटच्या पिढीपासून मात्र चिप डब्ल्यूडब्ल्यूएनही तपासते. आपल्या पोर्टवर नक्की काय चालू आहे ते पोर्टझोनशो ही कमांड सांगते.

आता त्या कमांडकडे. झोनशो आणि सीएफजीशो नुसत्या चालवल्या तर दोन्ही जवळजवळ तेच छापतात, आणि छापतात ते दोन भागांत: वर डिफाइन्ड, खाली इफेक्टिव्ह. नवखा माणूस वरचा भाग वाचतो, आपले झोन त्यात बघतो आणि निर्धास्त होतो. वरचा भाग म्हणजे लिहून ठेवलेला मसुदा. अमलात असतो तो खालचा. सीएफजीसेव्हने जतन केले आणि सीएफजीइनेबलने चालू करायचे राहून गेले, तर झोन वर दिसतो, खाली नसतो, आणि लन कुठेच नसतो. आणखी एक खोच: वरच्या भागात एलियस दिसतात, म्हणजे माणसाने दिलेली नावे, खालच्या भागात ती नावे जाऊन थेट डब्ल्यूडब्ल्यूएन येतात. कॉन्फिग चालू करतानाच एलियस उलगडून टाकलेले असतात. म्हणून कार्ड बदलल्यावर एलियसमध्ये नवा आकडा घातला तरी पुन्हा इनेबल करेपर्यंत स्विच जुनाच आकडा धरून बसतो. नुसते खालचे बघायचे असेल तर सीएफजीअ‍ॅक्टव्हशो आहे. माझ्या मते शिकवताना तिथूनच सुरुवात करावी.

डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणजे कार्डाच्या पोर्टला कारखान्यात मिळालेला ६४ बिटांचा आकडा, हेक्समध्ये सोळा अंकी. १०:००:००:००:सी९ ने सुरू झाला की जुने हात लगेच ओळखतात, कार्ड एम्युलेक्सचे. पण परवानगीच्या यादीत नाव असणे म्हणजे ते यंत्र हजर असणे नव्हे. कार्ड जळून बदलले, सर्व्हर भंगारात गेला, तरी त्याचा आकडा झोनमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतो.

सिस्को या दुसऱ्या स्विच कंपनीने याला एका खुणेने उत्तर दिले. अँडियामो ही कंपनी ताब्यात घेणार असे जाहीर करून २००२ मध्ये सिस्कोने एमडीएस ९००० ही स्विचची मालिका आणली. तिथे शो झोनसेट अ‍ॅक्टिव्ह म्हटले की जे सदस्य त्या क्षणी फॅब्रिकमध्ये लॉगइन आहेत, त्यांच्यापुढे तारांकन येते. तारांकन नाही, तर केबल, कार्ड किंवा टायपो शोधायला लागा. ब्रोकेडने नंतर झोन व्हॅलिडेटची सोय दिली आणि तिच्यातही तारांकनच वापरले, फक्त उलट अर्थाने: तारांकन आहे म्हणजे हा सदस्य अस्तित्वात नाही. एकाच डेटा सेंटरमध्ये दोन्ही जातींचे स्विच सांभाळणाऱ्याने रात्री दोन वाजता हे लक्षात ठेवायचे! सिस्कोने आणखी एक गोष्ट वेगळी केली. कुठल्याही झोनमध्ये नसलेल्यांना मूळ सेटिंगमध्ये बंदी ठेवली. ब्रोकेडकडे जुन्या काळी उलट होते: कॉन्फिग चालूच नसेल तर सगळ्यांना सगळे दिसे. त्यामुळे भरल्या फॅब्रिकवर सीएफजीडिसेबल मारणे म्हणजे झोन बंद करणे नव्हे, कुंपण पाडणे होते. डिफॉल्ट झोन काय आहे ते डेफझोन शो वर दिसते.

दुसरे कुंपण अ‍ॅरेवाल्यांचे, लन मास्किंग. झोनिंग पोर्टपर्यंत थांबते. त्या एका पोर्टमागे शेकडो लन असू शकतात. त्यातला कुठला कोणाला दाखवायचा ते मास्किंग ठरवते. स्टोरेजवर्क्स घराण्यातल्या एचएसजी८० कंट्रोलरवर नवे युनिट केले की त्याच्या शो मध्ये अ‍ॅक्सेस: ऑल असेच येई. आधी सगळ्यांना बंद करायचे आणि मग एकेका कनेक्शनला उघडायचे, हा तिथला रिवाज. इथेही मूळ वृत्ती मोकळीच, बघा. ईएमसी कंपनीच्या सिमेट्रिक्स या स्टोरेजवर आधी व्हॉल्यूम लॉजिक्स आले, मग सिममास्क आणि सिममास्कडीबी. पहिलीने परवानगी द्यायची, दुसरीने ती वाचायची. प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक पोर्ट, प्रत्येक व्हॉल्यूम अशी जोडणी असल्याने यादी पानेच्या पाने लांबे. २००९ मध्ये त्याच घराण्यातल्या व्हीमॅक्सबरोबर सिमअ‍ॅक्सेस आली, तेव्हा इनिशिएटर (सर्व्हरची कार्डे), पोर्ट आणि स्टोरेज असे तीन गट आणि त्यांना जोडणारा एक मास्किंग व्ह्यू अशी मांडणी झाली. शो व्ह्यू म्हटले की तीनही एका पडद्यावर. नेटअ‍ॅपवर हेच काम आयग्रुप आणि लन मॅपिंग शो करतात.

ग्राफिकल साधने मध्यंतरी आली नाहीत असे नाही. ब्रोकेडचे वेब टूल्स जावावर चाले, आणि ब्राउझरने जावाला रजा दिली तेव्हा अनेकांचे ते उघडणेच बंद झाले. सीएफजीशोचे आउटपुट मात्र मजकूरच राहिले. बदलाच्या आधीचे एका फाइलमध्ये, नंतरचे दुसऱ्या फाइलमध्ये, मधला फरक डिफ दाखवतो. चेंज रिक्वेस्टला तेच जोडतात. शिवाय झोनचा डेटाबेस फॅब्रिकमधल्या सगळ्या स्विचवर सारखाच असतो, त्यामुळे कुठल्याही एका स्विचवरून बघितले तरी चालते.

पुढे पीअर झोनिंग आले. एक प्रिन्सिपल, बहुधा स्टोरेजचा पोर्ट. बाकीचे सर्व्हर त्याच्याशी बोलू शकतात, एकमेकांशी नाही. झोनची संख्या घटली, पण सदस्यांच्या यादीत ००:०२ ने सुरू होणारा एक आकडा दिसू लागला, जो कुठल्याच कार्डाचा नसतो. ती झोनच्या गुणधर्माची नोंद असते. माहीत नसलेला माणूस अनोळखी यंत्र घुसले समजून घाबरतो, किंवा ती पुसायला जातो.

आता फायबर चॅनलवरून स्कझीऐवजी एनव्हीएमई ही फ्लॅश डिस्कसाठीची आदेशपद्धतही धावते. स्विचवरचा झोन त्याच डब्ल्यूडब्ल्यूएनवर, त्याच झोनशोमध्ये. अ‍ॅरेवर मात्र परवानगी कार्डाच्या आकड्याला नाही, होस्टच्या एनक्यूएन या नावाला मिळते, आणि ते नाव ऑपरेटिंग सिस्टिममधल्या एका फाइलमध्ये असते. सर्व्हरची प्रतिमा क्लोन करताना ती फाइल तशीच गेली तर दोन होस्टचे नाव एकच, आणि स्विचवरची कुठलीही कमांड ते दाखवू शकत नाही.