भरून दिलेली कॅसेट आणि ‘भरून घ्या’ म्हणणारी कॅसेट

चिपळूणच्या बाजारपेठेत एके काळी कॅसेट भरून मिळत असे. गाण्यांची यादी वहीच्या कागदावर लिहून, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट दुकानदाराकडे ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी बॉलपेनने लिहिलेल्या नावांसह ती परत आणायची, असा तो व्यवहार होता. ब्रिटनमधल्या अल्पज्ञात पंक (साध्या, आक्रमक रॉक संगीताच्या) बँडांनी १९८० च्या आसपास स्वतः काढलेल्या कॅसेट पाहिल्या, तर त्याही अशाच दिसतात: झेरॉक्स केलेले वेष्टण, हाताने लिहिलेली नावे आणि गाण्यामागे सतत चालणारी खरखर. म्हणूनच अनेकजण दोहोंना सरसकट ‘पायरेटेड’ म्हणून मोकळे होतात.

खरा फरक आवाजाच्या दर्जात नाही. आमच्याकडच्या चोरट्या कॅसेटची वेष्टणे कित्येकदा मूळ कॅसेटपेक्षाही गुळगुळीत आणि रंगीत असत. फरक आहे तो प्रत कोणाच्या संमतीने निघाली आणि तिच्यावर कोणाचा पत्ता आहे, यात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसारही ध्वनिमुद्रणाच्या प्रती काढण्याचा अधिकार मालकाचा असतो. मालकानेच ‘काढा’ म्हटले, तर उल्लंघनाचा प्रश्न उरत नाही. ‘इन्स्टंट ऑटोमॅटन्स’ हा इंग्लंडमधला फारसा कोणाला ठाऊक नसलेला बँड नेमके हेच म्हणत होता. कोरी कॅसेट आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले पाकीट पाठवा, आम्ही गाणी भरून परत पाठवतो, अशी त्याची रीत होती. म्हणजे चिपळूणच्या दुकानदाराचेच काम, पण ते खुद्द गाणाऱ्यांनी आणि भरणावळ न घेता केलेले.

स्वतःच सगळे करण्याच्या या वृत्तीचा उल्लेख निघाला की ‘बझकॉक्स’ या मँचेस्टरच्या बँडचे नाव हटकून येते. त्यांनी उसन्या पैशांतून जानेवारी १९७७ मध्ये ‘स्पायरल स्क्रॅच’ ही तबकडी स्वतःच काढली आणि कोणते गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हे वेष्टणावर छापले. पुढच्याच वर्षी ‘स्क्रिटी पोलिटी’ या बँडने तबकडी काढण्याचा खर्चच वेष्टणावर मांडला. मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. उद्या वाचणाऱ्याने स्वतःची तबकडी काढावी, म्हणून हिशेब उघडा ठेवलेला आहे. चोरट्या प्रतीवर मात्र छापखान्याचे नावसुद्धा सापडत नाही.

संगीत कंपन्यांना हा भेद मान्य नव्हता. घरी कॅसेट भरल्याने संगीत मरते, अशी मोहीम ब्रिटनमधल्या कंपन्यांच्या संघटनेने १९८० च्या दशकाच्या आरंभी चालवली. अमेरिकेतल्या ‘डेड केनेडीज’ या पंक बँडने १९८१ मध्ये आपल्या एका कॅसेटची दुसरी बाजू कोरी सोडून या मोहिमेला उत्तर दिले: घरी भरण्याने कंपन्यांचा नफा मरतो, तेव्हा हातभार लावण्यासाठी ही बाजू तुमच्याकरिता रिकामी ठेवली आहे, असा मजकूर त्यावर होता. (थट्टा असली, तरी त्या बाजूवर खरोखरच काही भरता येत होते.)

सगळीच उदाहरणे इतकी सरळ नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘किल्ड बाय डेथ’ या नावाने विस्मृतीत गेलेल्या पंक बँडांच्या गाण्यांचे संग्रह निघू लागले. ते बँडांना न विचारता काढलेले, म्हणजे कायद्याच्या भाषेत चोरटेच होते. परंतु काही शे प्रतींत संपलेली कित्येक गाणी दूरच्या श्रोत्यांपर्यंत त्यांच्यामुळेच पोहोचली. या संग्रहांना मी चोरट्या प्रतींच्याच रकान्यात ठेवीन, कारण उपकार झाला तरी विचारणा झाली नव्हती. फक्त ते ठेवताना हात थोडा अडखळतो.

कोकणात हा प्रश्न जाखडी या लोकनृत्याच्या मंडळांनी अनुभवलेला आहे. वर्गणी काढून, पदरचे पैसे घालून शक्ती-तुऱ्याची (दोन पक्षांच्या सवाल-जबाबाची) गाणी मुद्रित करायची, कार्यक्रमाच्या जागी आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांना ती विकायची, ही पद्धत पंक बँडांहून वेगळी नाही. अशा कॅसेटची नक्कल करून दुसऱ्याच कोणी बाजारात आणली, तर वेष्टणावरून मंडळाचे नाव सहज गळून पडे. पण आपल्या शाहिरांनी त्याची सोय फार पूर्वी करून ठेवली आहे. कवनाच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचे किंवा त्याच्या गुरूचे नाव गुंफलेले असते आणि कोणत्याही दुकानदाराने कितव्याही वेळी कॅसेट भरली, तरी ते नाव गाण्याबरोबर वाजतेच. पंक बँडांकडे असे कडवे नव्हते. त्यांचे नाव झेरॉक्सच्या कागदावर होते, आणि तो कागद हरवला की खरखरीमागचा आवाज कोणाचा, हे सांगायला कॅसेटमध्ये काहीच उरत नसे.