सेंट्रल ओटॅगोची सायकलवाट: रूळ उखडल्यावर उरलेली पट्टी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मिडलमार्च ते क्लाइड अशी १५२ किलोमीटरची खडीची वाट आहे. वाटेत डोंगर, घळी, उघडं बोडकं पठार, सगळं लागतं; मोटार मात्र या वाटेवर येत नाही. मधूनच एखादा डांबरी रस्ता ओलांडावा लागतो, तेवढाच वाहनांशी संबंध. सायकलवाले, पायी चालणारे आणि क्वचित घोडेस्वार यांचीच इथे ये-जा. सायकलचा फारसा सराव नसलेली साठीतली माणसंही चार-पाच दिवसांत ती पुरी करतात. एवढ्या डोंगराळ मुलुखात इतकी सोपी वाट आपोआप मिळत नाही. इथे ती रेल्वेने कोरून ठेवली होती, आणि तेव्हा सायकल कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

सुरुवात सोन्यापासून करावी लागते. १८६१ मध्ये ओटॅगो प्रांतात सोनं सापडलं. पुढच्याच वर्षी हार्टली आणि रायली या जोडगोळीने क्लुथा नदीच्या घळीतून काढलेलं ८७ पौंड सोनं डनेडिन या किनाऱ्यावरच्या बंदराच्या शहरात आणून जमा केलं आणि खाणकऱ्यांचे लोंढे आत शिरले. क्लाइड, क्रॉमवेल, अलेक्झांड्रा ही गावं त्या गर्दीतून उभी राहिली. रेल्वेला मात्र उशीर झाला. १८७९ मध्ये डनेडिनजवळ विंगाटुईला काम सुरू झालं तेव्हा सोन्याचा पहिला भर ओसरला होता. आता हिशेब वेगळा होता: आतल्या भागातली लोकर, धान्य, जनावरं आणि पुढे फळं बंदरापर्यंत आणायची आणि ओसाड पडलेल्या पट्ट्यात शेतकरी वसवायचे.

त्यात १८८० च्या दशकातली मंदी आडवी आली. पैसा येईल तसं काम सरके. मिडलमार्चला गाडी पोचली १८९१ मध्ये, रॅनफर्लीला १८९८ मध्ये, ओमाकाऊला १९०४ मध्ये, क्लाइडला १९०७ मध्ये. शेवटचं क्रॉमवेल यायला १९२१ उजाडलं. सुमारे २३५ किलोमीटरच्या मार्गाला ४२ वर्षं! या दिरंगाईवर हसायला आपण मोकळे नाही, पण दिरंगाईचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. प्रत्येक टोक काही वर्षं शेवटचं स्टेशन राहिलं आणि तेवढ्यात तिथे दुकानं, खानावळी, मालधक्का उभा राहिला. याउलट ज्या गावांना गाडीने बगल दिली ती मागे पडली. नेझबी हे जुनं सोन्याचं गाव बाजूला राहिलं आणि रॅनफर्ली मोठं झालं. ओफीर मागे पडलं, दोन-तीन किलोमीटरवरचं ओमाकाऊ वाढलं. आज सायकलवाले ज्या गावांत मुक्काम करतात ती बरीचशी रेल्वेने निवडलेली गावं आहेत.

आता चढाबद्दल. न्यूझीलंडची रेल्वे १,०६७ मिलीमीटर गेजची, म्हणजे आपल्या मीटरगेजपेक्षा जेमतेम रुंद. अरुंद गेजमुळे वळणं आवळून घेता येतात, पण वाफेच्या इंजिनाला खडा चढ झेपत नाही. त्यामुळे वाटेतला चढ ५० ला १ याहून अधिक नाही, म्हणजे ५० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तुलनेला आपला भोर घाट ३७ ला १ आहे आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. ओटॅगोच्या या सायकलवाटेची दोन्ही टोकं समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास आणि वेडरबर्नच्या पुढचा सर्वोच्च बिंदू ६१८ मीटरवर. ही चढाई पाऊणशे किलोमीटरवर पसरली आहे. सायकलस्वाराला जाणवतो तो चढ नव्हे, वारा. मॅनियोटोटोच्या पठारावर समोरून वारा सुटला की सपाटीवरही गिअर उतरवावे लागतात. आणि थंडी विचारूच नका: न्यूझीलंडमधलं नोंदलं गेलेलं सर्वात कमी तापमान याच पठारावरच्या रॅनफर्लीचं आहे, १९०३ च्या जुलैमधलं, उणे २५.६ अंश.

हा सौम्य चढ फुकट मिळाला नाही. पूलबर्न घळीत त्याची किंमत दिसते. इथे दोन बोगदे खडकातून फोडले आहेत आणि त्यांच्याजवळच ३७ मीटर उंचीचा पूल आहे. त्याचे खांब तिथल्याच शिस्ट दगडाचे. हा दगड पापुद्र्यांचा, घाव चुकला की भलतीकडेच फुटतो. पाथरवटांनी तो हाताने घडवून रचला. वर लोखंडी सांगाडा, आणि जिथे पूर्वी स्लीपर होते तिथे आता लाकडी फळ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. बोगद्यांत दिवे नाहीत. आत वळण असल्याने मध्यावर दुसऱ्या टोकाचा उजेड दिसत नाही आणि टॉर्च नसेल तर उतरून, भिंतीला हात लावत चालावं लागतं.

मिडलमार्चच्या बाजूला हाइडजवळ एक स्मारक आहे. ४ जून १९४३ रोजी क्रॉमवेलहून डनेडिनला निघालेली गाडी अतिवेगात वळणावरून घसरली आणि २१ माणसं गेली. बहुतेक सायकलवाले तिथे थांबतात.

या रेल्वेला तारलं कायद्याने. १९३० च्या दशकापासून ट्रकने लांब पल्ल्याची मालवाहतूक करण्यावर बंधनं होती, माल रेल्वेनेच जावा म्हणून. ती हळूहळू सैल झाली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उठलीच. प्रवासी गाडी १९७६ मध्येच बंद पडली होती. मग आलं क्लाइडचं धरण, आणि या कथेतला सगळ्यात विचित्र भाग हाच. धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून क्लाइड ते क्रॉमवेल हा शेवटचा तुकडा १९८० मध्ये बंद केला. पण धरण बांधायला लागणारं सामान क्लाइडपर्यंत याच रेल्वेने येऊ लागलं. ज्या धरणाने शेपूट तोडलं त्यानेच उरलेल्या मार्गाला दहा वर्षं काम पुरवलं. बांधकामाची गरज सरत आली तशी रेल्वेचीही गरज संपली. ३० एप्रिल १९९० ला मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला आणि लवकरच रूळ उचलले गेले.

माझ्या मते खरा निर्णय इथे झाला. रुळांखालची जमीन शेजारच्या शेतकऱ्यांना तुकड्यातुकड्याने विकता आली असती. तसं झालं असतं तर पाच-सात वर्षांत कुंपणं पडली असती, पूल भंगारात गेले असते आणि नंतर कितीही पैसा ओतला तरी ती रेषा पुन्हा जुळली नसती. १९९३ मध्ये देशाच्या संवर्धन खात्याने ही पट्टी सलग ताब्यात घेतली. पाठोपाठ स्थानिकांचा एक विश्वस्त निधी उभा राहिला आणि पैसे गोळा करण्याचं काम त्याने अंगावर घेतलं. सगळे खूश होते असं नाही. मेंढ्या बिथरतील, फाटकं उघडी राहतील, उन्हाळ्यात वणवा लागेल, अशी शेतकऱ्यांची भीती होती, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

कामही वाटतं तेवढं सोपं नव्हतं. रुळांखालची खडी मोठी आणि धारदार असते. तिच्यावरून सायकल चालवणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. तिच्यावर बारीक खडीचा थर देऊन दाबावा लागला. साठाहून अधिक पुलांवर फळ्या ठोकल्या, कठडे लावले. गँगमनच्या खोपटांच्या धर्तीवर निवारे बांधून त्यांत माहितीचे फलक लावले. वेडरबर्नची हिरवी मालशेड, जी ग्रेअम सिडनी या चित्रकाराने रंगवल्यामुळे देशभर ओळखीची झाली होती, ती मार्ग बंद पडल्यावर तिथून हलवली गेली होती. तीही परत जागेवर आणली. फेब्रुवारी २००० मध्ये सबंध वाट रीतसर खुली झाली.

पुढची वर्षं या गावांना अनपेक्षित गेली. बंद पडायला आलेल्या खानावळींत गिऱ्हाईक येऊ लागलं, शेतघरांत पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या, सामान पुढच्या मुक्कामी पोचवून देण्याचा धंदा सुरू झाला. २००९ मध्ये जागतिक मंदीत रोजगाराचे उपाय शोधताना पंतप्रधान जॉन की यांनी देशभर सायकलवाटांचं जाळं उभारायची कल्पना मांडली आणि सरकारने त्यासाठी ५ कोटी डॉलर दिले. तेव्हा दाखवायला चालतं-बोलतं उदाहरण तयार होतं, ते हेच. आज त्या जाळ्यात वीसहून अधिक मोठे मार्ग आहेत. मात्र त्यांतल्या अनेकांच्या खाली जुनी रेल्वे नाही आणि ते पायांना लगेच कळतं.

क्लाइडपासून पुढे २०२१ मध्ये सुरू झालेली लेक डन्स्टनची वाट याचा नमुना आहे. धरणाच्या जलाशयाकाठाने ती क्रॉमवेलला जाते. रेल्वेचा जुना भराव पाण्याखाली गेलेला, एका काठावर महामार्ग, म्हणून वाट दुसऱ्या काठाने काढली. काही ठिकाणी कड्याला लोखंडी सांगाडे ठोकून पाण्यावर लटकती फळ्यांची वाट केली आहे. देखणी आहे यात शंका नाही, पण मधल्या वळणावळणांच्या चढावर नवखा माणूस सायकल ढकलताना दिसतो.

दुसऱ्या टोकाला उलटाच प्रश्न आहे. मार्ग बंद झाला तेव्हा डनेडिन ते मिडलमार्च हा तायेरी घळीतला भाग डनेडिन नगर परिषदेने पर्यटक गाडीसाठी घेतला आणि तिथले रूळ तसेच राहिले. २०२० मध्ये कोविडच्या काळात ती सेवा थांबवली गेली. नंतर काही अंतरापुरत्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून तिथेही रूळ काढून खडी अंथरावी, म्हणजे थेट डनेडिनपासून सायकलने निघता येईल, असं म्हणणारा एक पक्ष आहे. दुसऱ्या पक्षाला घळीतली गाडी हवी आहे. देखभालीचा खर्च दोन्हीकडे मोठा आहे, कारण १८८७ चा ४७ मीटर उंचीचा विंगाटुईचा लोखंडी पूल गाडीसाठी ठेवा की सायकलसाठी, तो सांभाळावा लागणारच.